उसवलेलं नाव

"चांगली बाजू नवऱ्याकडं करा हो भटजी," दमयंती पुढे होऊन म्हणाली. "मोर नीट दिसूदे त्याला."

भटजींनी अंतरपाट फिरवून धरायला लावला. पांढऱ्या कापडावर दोन मोर, मधे कलश, आणि खाली लाल रेशमाने भरलेली नावं : सलोनी, नितेश. पावस गावातल्या हॉलमध्ये बायका एकमेकींना कोपराने ढोसून सांगत होत्या, सगळं नवरीच्या आईच्या हातचं. दमयंतीला ते ऐकायचंच होतं. कौतुक कोणाला नको असतं?

मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता वाटत वाटत ती नवऱ्या मुलाच्या पाठीशी पोचली, आणि नेमका तेव्हाच व्हिडिओवाल्याने सलोनीच्या मागून आपला मोठा दिवा लावला.

कापड उजळलं. नितेशच्या नावामधून आणि आजूबाजूने बारीक भोकं चमकायला लागली. सुईची भोकं. दोरा उसवून काढला तरी सुई गेलेली जागा बुजत नाही. दमयंतीने कापड धुतलं होतं, पाणी मारून इस्त्री फिरवली होती, एकेक भोक नखाने दाबून बसवलं होतं. खाटेवर पसरून बघितलं तेव्हा काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मागून उजेड पडेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

भोकांचं नाव सरळ वाचता येत होतं. ओमकार. शेवटचं अक्षर झाकायला तिने एक कमळ भरलं होतं, तर ते आता कमळाच्या पोटातून दिसत होतं.

ओमकार चिपळूणचा. त्याच्याशी सलोनीचा साखरपुडा झाला आणि लग्न मोडलं. तोवर अंतरपाट भरून तयार होता. मोर पुन्हा भरायला दमयंतीचे डोळे राहिले नव्हते. नावच तर बदलायचं, म्हणून तिने तेवढं उसवलं. मग नाटे गावचं, नितेशचं स्थळ आलं तेव्हा साखरपुडाही तसाच उसवून टाकला. "आमच्या सलोनीला हे पयलंच स्थळ," असं ती तिकडे जाऊन छातीठोक सांगत आली. आपल्या नवऱ्याला शपथ घातली, सलोनीला दटावलं.

आणि आता नितेशचे ओठ हलत होते. तो वाचत होता. त्याच्या खांद्याशी त्याची आई, सखूबाई, उभी होती.

दमयंतीच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या. आत्ता हा हातातली माळ खाली ठेवेल. आत्ता विहीण विचारेल, हा ओमकार कोण? भर मांडवात, दोन्ही गावांसमोर. तिला वाटलं, इथून निघून जावं. पण नवरीची आई जाणार कुठे?

नितेशने अंतरपाटावरून मान उंचावली. "ओ भाऊ, तो दिवा बंद करा आधी. डोळ्यांवर येतोय."

दिवा विझला. कापड पुन्हा पांढरं झालं. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट ओढला गेला, माळा पडल्या आणि बँडवाल्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

सलोनी साडी बदलायला आत गेली तशी दमयंती कोकमाचं सरबत घेऊन नितेशकडे आली. तो खुर्चीवर एकटाच बसला होता.

"जावईबापू, त्या कापडावर..."

"मामी, बसा आधी."

"मी सांगनार होते तुमाला. खरंच सांगनार होते." हेही खोटंच होतं.

नितेशने घोट घेतला. "मला ठावं हाय. सलोनीनं पयल्याच दिवशी सांगितलंन."

"आनि विहीनबाईंना?"

"आमच्या घरात सगळ्यांनाच ठावं हाय." तो जरा हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं. "तुमी पयलंच स्थळ म्हनालात, की आमची आय चाय ठेवायला उठायची. तिला हसू आवरायचं नाय."

दमयंतीला आठवलं. नाट्याला ती जेव्हा जेव्हा गेली, तेव्हा सखूबाई लगबगीने उठून आत जायच्या. माणसं किती अगत्याची, असं तिने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं.

"मग मला का नाय कोनी बोललात?"

"सलोनीच बोलली, माझ्या आयेला कळू देऊ नका." नितेशने पेला खाली ठेवला. "बोलली, माझं काय नाय, पन तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. तिला वाटूदे लपलंय म्हनून."

ज्या पोरीला दमयंतीने गप्प बसायला दटावलं होतं, ती पोर इतके दिवस आईचीच अब्रू झाकत बसली होती.

"आये, ये ना गो, फोटो काढूया." सलोनी हिरवी साडी नेसून आली होती. तिने आईचा दंड धरून तिला मधे उभं केलं. सखूबाईंनी सरकून जागा दिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काकी, जरा वर बघा," व्हिडिओवाला म्हणाला.

दमयंती आपल्या पायांकडे बघत राहिली.

"काकी, वर बघा ना. बाकी सगळे बघतायत, तुम्हीच राहिलात."