पालथा फोन

सात वाजले तसा नवऱ्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्ची बायकोकडे वळवली.

"बोल," तो म्हणाला.

ती आधी हसलीच. दिवसभर वॉर्डात नर्सची नोकरी करून घरी यावं, तर बारा वर्षं या माणसाची मान स्क्रीनमधून वर आली नव्हती. मग कुठूनसं त्याने ताओ या जुन्या चिनी विचारावरचं पातळसं पुस्तक आणलं. निम्मी ॲप्स गेली, टीव्ही माळ्यावर गेला. "सामान कमी केलं की माणूस हलका होतो," तो सांगायचा. चार दिवसांचं खूळ, असं तिला वाटलं. पण खूळ टिकलं.

रोज सातला फोन पालथा ठेवून तो ऐकायचा. मधे तोंड घालायचा नाही. वॉर्डातल्या कटकटी सांगून झाल्या, सासूबाईंचे टोमणे सांगून झाले. एका संध्याकाळी त्यांची मुलगी चिमणी शेजारी खेळायला गेली होती, तेव्हा बायकोच्या तोंडून ते निघून गेलं.

"चिमणी तीन महिन्यांची होती. रडायची थांबत नव्हती. मी तिला पाळण्यात ठेवलं, दार ओढलं आणि बसस्टँडवर गेले. तिकीटही काढलं होतं."

"ती एकटीच होती घरात?"

"हो."

"किती वेळ?"

"तासभर. मग धावत परत आले."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही. तुलाच सांगतेय."

त्याने तिचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला. तो चिडला नाही, की तिला दोष दिला नाही.

"माझा नवरा मला परत मिळाला," दुसऱ्या दिवशी ती सोबतच्या नर्सला म्हणाली.

"नशीब काढलंस. आमच्या ह्यांनाही पाठव ते पुस्तक."

पंधरा दिवसांनी वॉर्डात तिच्या नावाचं पाकीट आलं. बदलीचा कागद असेल म्हणून तिने उभ्या उभ्याच फोडलं. कोर्टाची नोटीस होती. घटस्फोट हवा, आणि मुलीचा ताबा बापाकडे द्यावा, असा अर्ज होता.

मागे टाचलेली पानं तिने उलटली. टाईप केलेली तिचीच वाक्यं होती, एकही शब्द न गाळता. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख होती, आणि तारखेखाली लिहिलं होतं: ध्वनिमुद्रण सुरू, संध्याकाळी सात.