मडमेचं अत्तर

सकुबाईनं बाटलीचं बूच काढलं तेव्हा भिमाला कळा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"मोठा श्वास घे," सुईण म्हणाली. "कसला वास येतो गो?"

भिमानं डोळे मिटले. "गोड... ऊन ऊन खरवसाचा. न् बकुळीचा."

"आजून घे."

दारातल्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. भिमाच्या आवळलेल्या मुठी सुटल्या, कंबर सैल पडली, आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत पोरगी जन्मली. खणखणीत रडली. भिमाची सासू गोजर सुइणीच्या पाया पडली ती उठेचना.

"माझ्या नको, बाटलीच्या पड," म्हणत सकुबाईनं बूच गच्च दाबलं.

टोकावड्याच्या आसपास सात गावांत त्या बाटलीचं नाव होतं. आठ वर्षांपूर्वी जंगलखात्याच्या साहेबाचा तंबू मुरबाडजवळ पडला होता. मडमेला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. ठाण्याचा डॉक्टर पोचेना, म्हणून सकुबाईला नेलं. तंबूत पाऊल टाकलं आणि ती थबकलीच. असला वास तिनं जन्मात घेतला नव्हता. देव्हाऱ्यातली देवी उठून अंथरुणावर निजलीय, असं तिला वाटलं. मडम सुखरूप सुटली, आणि जाताना तिनं करंगळीएवढी ती अत्तराची बाटली सुइणीच्या हातावर ठेवली.

भिमाच्या पोरीची पाचवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बुधू गाडी घेऊन दारात आला. साहेबाचा जुना खानसामा.

"मडमसाहेब मुरबाडच्या बंगल्यावर आल्यात. तुला बोलवलंय. बाटली घेऊन ये म्हणाल्या."

सकुबाईचा चेहरा उतरला. "बाटली कशाला रे?"

"साहेब लढाईत कामी आले, बर्मात. ते अत्तर तेच आणून द्यायचे. आता इलायतेतून काय येत नाय. बाईनं सारी मुंबई पालथी घातली."

"सांग, फुटली."

"फुटली? पाच-सहा दिवसांमागं भिमाला वास दिलास ना?"

बाटली कनवटीला खोचून ती गाडीत बसली.

मडम खंगली होती. तिला बिलगून आठ वर्षांची मुलगी उभी होती, सकुबाईच्याच हातावर आलेली. मडमेनं हात पुढे केला. सकुबाईनं बाटली दिली.

बूच निघालं. मडमेनं बाटली नाकाशी नेली. सकुबाईची नजर जमिनीला खिळली होती.

मग मडमेचे खांदे गदगदा हलू लागले. तिनं मुलीला जवळ ओढून बाटली तिच्या नाकाशी धरली. पोरीनं श्वास घेतला, हसली आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते रे?" सकुबाईनं दबकत विचारलं.

बुधूनं डोळे पुसले. "म्हणते, बाबा आले."

मडमेनं बाटली दोन्ही हातांनी परत केली. "तुज्याकडंच राहू दे, म्हणतात," बुधू म्हणाला. "तुज्या हातात ती आटत नाय."

सकुबाई बंगल्याच्या पायरीवर बसली. अत्तर सहा वर्षांपूर्वीच संपलं होतं. बाटलीत होतं ते सकाळी तिनंच भरलेलं विहिरीचं पाणी.