एकच अ‍ॅलर्जी

“थांबा! सुई खाली!” सॉफ्टवेअर तपासणारा टेस्टर ओरडला.

नर्सचा हात सलाइनच्या नळीपाशी थबकला. खाटेवर त्याची ताई तापाने फणफणली होती. तिला धड शुद्धही नव्हती.

“काय झालं, दादा? पेनिसिलिनच आहे.”

“तेच तर नको! लहानपणी एकदा दिलं, तर गळा सुजून जीव जायची वेळ आली होती. सकाळी फॉर्मवर लिहून दिलंय मी.”

नर्सने हातातला टॅब त्याच्या नाकापुढे धरला. ‘अ‍ॅलर्जी : काही नाही.’

गडी पट्टीचा टवाळ. म्हणाला, “अरे वा, हे तर आमच्याच कारखान्यातलं बाळ!” खरंच होतं ते. हे अ‍ॅप त्याच्याच कंपनीचं. त्यानेच तपासून पास केलेलं.

तो नर्सला काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे घेऊन गेला. तिथे ताईच्या नावापुढे ठळक लिहिलेलं : पेनिसिलिन.

सर्व्हर एक, उत्तरं दोन. तीच माहिती जुन्या कॉम्प्युटरला एक्सएमएल नावाच्या साच्यात जायची, टॅबला जेसन नावाच्या. त्याने मोबाइलवर टॅबला जाणारं जेसन उघडलं आणि घोळ कळला. दोन-तीन अ‍ॅलर्जी असल्या की त्यांची यादी जात होती. एकच असली की यादी नाही, नुसता सुटा शब्द. टॅब यादी शोधायचा. नाही सापडली की ‘काही नाही’ म्हणून मोकळा.

दोन्ही उत्तरं त्याने महिनाभर शेजारी शेजारी ठेवून तपासली होती. पण तपासणीसाठी खोटे पेशंट याने रचायचे म्हणजे वात्रटपणा आलाच. ‘खडूस साहेब’ला अ‍ॅलर्जी : रजा, पगारवाढ, हसू. ‘सासूबाईं’ना : सून, सुनेचा चहा, सुनेची आई. ऑफिस पोट धरधरून हसायचं. एकाच अ‍ॅलर्जीत गंमत येत नाही. म्हणून एकच अशी कुणालाच नव्हती.

“आजच्या आज दुरुस्त करतो,” तो म्हणाला. “बरं झालं, वेळेत सापडलं.”

“सापडलं कसलं? तीन आठवड्यांपूर्वी कळवलं होतं की तुमच्या कंपनीला. माझ्या आधी इथे होती त्या नर्सने.”

“मग?”

नर्सने काउंटरवरच आलेलं उत्तर उघडून दाखवलं. ‘तपासलं. आमच्याकडे सगळे पेशंट ठणठणीत!’ खाली डोळा मारणारं पिवळं तोंड.

ते तोंड त्यानेच निवडलं होतं. तक्रार अर्धीच वाचली होती. खडूस साहेब उघडला, सासूबाई उघडल्या, सगळ्या अ‍ॅलर्जी जागच्या जागी. मग तक्रार बंद करून तो जेवायला गेला होता.

“या उत्तरावर टॅब निर्दोष सुटला,” नर्स म्हणाली, “आणि तिलाच दोषी धरून घरी बसवलं.”

टेस्टरने ते उत्तर पुन्हा वाचलं. मग त्याने विचारलं, “तिला कसं कळलं होतं, टॅब चुकतोय ते?”

नर्सने हातातलं इंजेक्शन कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

“तिच्या हातून एक बाई गेली, तेव्हा.”