स्काऊटचे तंबू

रुपराव गुरुजी लकडगंजातल्या शाळेत स्काऊट शिकवायचे. दर हिवाळ्यात ते पोरांना रामटेकला शिबिराला न्यायचे आणि येताना चारही मळके तंबू घरी आणून टाकायचे. जेवण झालं की पोरं तंबूलाच हात पुसत, त्यामुळे कापडभर वांग्याच्या रस्स्याचे डाग.

त्यांची बायको जयवंता अंगणात बसून ते तंबू धुवायची. साबण लागला की हळदीचा डाग आणखी लाल व्हायचा, मग तो उन्हात उडेपर्यंत वाट पाहायची. ओला तंबू एकटीला उचलत नसे, शेजारच्या पुष्पलताला हाक मारावी लागे. नंतर दोन दिवस कंबर सरळ व्हायची नाही.

"अवो, त्या पोट्ट्याइलेच धुवाले लावा ना," ती यंदाही म्हणाली.

"ते काय धुतात वं, वाट लावून ठेवतात," गुरुजी म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

जानेवारीत जिल्ह्याच्या मेळाव्यात सगळ्या शाळांचे तंबू तपासले आणि गुरुजींच्या पथकाला दरवर्षीची फिरती पितळी ढाल मिळाली. संध्याकाळी ते गळ्यातला हार न काढताच घरी आले. जयवंता कंबर धरून चुलीपुढे बसली होती.

"कायची ढाल हाय?" तिनं मान वर न करता विचारलं.



"स्वावलंबनाची. उद्या शाळेत न्यायची हाय, जरा काळी पडली, चिंच लावून घासून दे."