लोटस की जॅग्वार

सत्त्याण्णव साली कोपरीतल्या धाकूने घरी कॉम्प्युटर आणला, तो म्हणे ऑफिसच्या कामासाठी. तेव्हापासून दर रविवारी तो आणि त्याचा दोस्त दगडू बाहेरच्या खोलीत गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून बसायचे आणि दोन इंग्लिश गाड्यांवरून तावातावाने भांडायचे.

"जॅग्वारच्या नादाला लागू नकोस रे," एका रविवारी धाकू ओरडला. "दिसायला झकास, पण तुला झेपणार नाही ती!"

"आणि तुझी लोटस? नुसती काडी!"

"असू दे नाजूक. मी म्हणेन तशी वळते. मला तीच पाहिजे."

"अरे, दोघी इंग्लंडच्याच, पण जॅग्वारचा थाट बघ ना!"

आत स्वयंपाकघरात मासळी साफ करताना धाकूच्या आईचे, आवडाबाईचे हात थांबले. तिच्या या तिशी उलटलेल्या लेकाने आजवर आलेलं एकेक स्थळ परतवून लावलं होतं. त्याचं कारण तिला आज कळलं. हात धुऊन, डोळ्यांना पदर लावून ती दारात आली.



"धाकू, त्या लोटसलाच घरी आण रे. गोरी तर गोरी. म्हावरं साफ करायला मी शिकवीन तिला."