गार ओढा

ही नोंद तो करणारच नव्हता. वही मिटली, बॅगेत कोंबली, चेनसुद्धा ओढली. मग तिथेच एका दगडावर बसला, वही परत बाहेर काढली आणि लिहिलं: 'सकाळी साडेदहा. ओढा कोरडा. पाणी नाही.'

ओढा काही काल-परवा आटलेला नव्हता. तळात गुडघाभर गवत वाढलं होतं. गवतातून पायवाट पडली होती, पायवाटेवर सायकलच्या चाकाची खूण. आणि इथल्या शाळेच्या मास्तरने मोबाइलवर पाठवलेल्या तक्त्यात, मुलांच्या गोल गोल अक्षरात, याच ओढ्याच्या पाण्याचं गेल्या सोमवारचं तापमान होतं: एकोणीस पूर्णांक चार. रंग: नितळ.

चढ चढून तो शाळेत आला. रविवार होता, वर्ग बंद. मास्तर एकटाच ऑफिसात खडूचे खोके लावत बसला होता. मास्तर म्हणजे त्याचा सतरा वर्षांपासूनचा दोस्त. मुलांनी आपल्याच शाळेमागचा ओढा मोजायचा आणि त्यातून बदलतं हवामान शिकायचं, हे खूळ दोघांनी मिळून काढलेलं. तेव्हा एकतीस शाळा होत्या. आता चार उरल्या.

"खाली जाऊन आलो," तो म्हणाला.

मास्तरचा खोका हातातच राहिला. "आज कसा काय उतरलास?"

"गुरुवारी व्याख्यान आहे. फोटो हवा होता एक."

"हां. फोटो."

"मुलं कुठलं पाणी मोजतात रे?"

मास्तरने हातातल्या खोक्यावरची खडूची धूळ फुंकली. मग म्हणाला, "तळघरातल्या टाकीतलं. बादली भरतात, पाच मिनिटं थांबतात, थर्मामीटर बुडवतात. घड्याळ लावून. अगदी तू शिकवलंस तसं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

तो खुर्ची ओढून बसला. बाकीचे सगळे ओढे तापत चालले होते, हा एकटा गार राहिला होता. मुलांनी काठावर झाडं लावली म्हणून, असं त्याने छापून आणलं होतं. आलेखातल्या त्या एका सरळ रेषेसाठी त्याला ठिकठिकाणी बोलावणी यायची, लोक टाळ्या वाजवायचे. उरलेल्या पंधरा वर्षांच्या कामाबद्दल कुणी कधी चकार शब्द विचारला नव्हता. आणि ती रेष तळघरातली निघाली.

"फोन करायचास ना, माणसा!"

"आणि सांगू काय? तुझ्या तक्त्यात 'पाणी नाही' लिहायला जागा आहे कुठे? तीन आठवडे रकाना रिकामा राहिला, की शाळा यादीतून बाद. नियम कुणाचा?"

"तो कामचुकार शाळांसाठी होता."

"पोरांना काय ठाऊक? रडवेली झाली सगळी. पाणीवाले सर आता येणार नाहीत म्हणून. मग एकीने बादली आणली. मी बघितलं, आणि..." मास्तरने खोका खाली ठेवला. "काही बोललो नाही. शाळा बाद झाली असती, तर तू कशाला आला असतास इथे?"

वर्षातून दोनदा तो यायचा. वर्गात अर्धा तास बोलायचा: आधी जागेवर जा, डोळ्यांनी बघा, मगच लिहा. मग तक्त्यांचा गठ्ठा उचलायचा, चहा अर्धा टाकायचा आणि निघायचा. ओढा शाळेपासून दोनशे पावलांवर होता. दोन वर्षांत तो एकदाही खाली उतरला नव्हता.

"झाडं तरी जगली," तो म्हणाला.

"जगली की. सावली झकास पडते. खाली पाणी तेवढं नाही."

दोघंही हसले. हसू लगेच विरलं.

"गुरुवारी काय करणार?" मास्तरने विचारलं.

"काय करू? दाखवण्यासारखं तेवढंच होतं माझ्याकडे."

"मग दाखवून टाक. तूच कधी उतरला नाहीस, ते लोक काय उतरणार आहेत?"

टोमणा होता की खरंच सुचवत होता, ते मास्तरच्या तोंडावरून कळेना. खिडकीबाहेर मैदान रिकामं होतं. तो उठून खिडकीशी गेला. मग त्याने मोबाइल काढला, व्याख्यानाच्या स्लाइड उघडल्या आणि ती रेष पुसून टाकली. खाली काहीच उरलं नाही, नुसतं त्याचं नाव.

"छापलेलंही मागे घेतो," तो म्हणाला.

"पोरांनी खोटं लिहिलं म्हणून?" मास्तरचा आवाज चढला. "प्रत्येक तक्त्याखाली त्यांच्या सह्या आहेत. ऐकतोयस का? अकरा-बारा वर्षांची लेकरं आहेत ती."

"एकाचंही नाव निघणार नाही. मी ओढा न बघता लिहिलं, एवढंच सांगेन. ते खरंच आहे."

मास्तरने मान हलवली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. "गुरुवारनंतर तुला कोण विचारणार?"

"कुणीच नाही."

"मग?"

"मग इथे येत जाईन," तो म्हणाला. "मोजायला काही नसलं तरी येईन. शब्द देतो तुला."