मुकादमाचं दर्शन

चंद्रावती पोकलेनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली तेव्हा तिच्या पायात चप्पलही नव्हती. मागे करवंदीची गर्द जाळी आणि जाळीत भारद्वाजाची पिल्लं. ऑपरेटरनं मशीन बंद केलं आणि प्रणितकडे पाहिलं. प्रणित तिच्या दिराचा मुलगा. पनवेलच्या वेशीवरचा हा तुकडा त्याच्या नावावरचा, होणारी इमारत त्याची आणि घटस्थापनेचा मुहूर्तही त्यानंच काढलेला.

“काकी, बाजूला हो. मुहूर्त टळतोय.”

“दिवाळीपर्यंत थांब रं. पिल्लांना पंख फुटू दे, मंग तुला काय करायचं ते कर.”

“पितरपाख होता म्हनून पंधरा दिवस थांबलोच ना? आता नाय जमनार.”

जमीन तिची नाही, पैसा तिचा नाही. म्हाताऱ्या विधवा काकीचं ऐकतो कोण?

त्या पिल्लांचा बाप मात्र साऱ्या आळीचा लाडका. उडायचा त्याला भारी कंटाळा. कामावर नजर टाकत फिरावं तसा जाळीला लागूनच असलेल्या तिच्या अंगणातून रुबाबात चालायचा, म्हणून लोक त्याला मुकादम म्हणत. चंद्रावतीनं न्हाणीमागचं ओलं गोणपाट उचलून झटकलं, की त्यातल्या गोगलगायी टिपायला स्वारी हजर. भारद्वाज दिसला की काम होतं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग काय! परीक्षेला निघालेल्या मुली, स्थळ बघायला चाललेली मंडळी, दुकानदार कमलाकर, सगळे तिच्या अंगणात पायधूळ झाडून जात. “बगूनच जावा,” ती छातीठोकपणे सांगायची. प्रणित तेवढा कधी आला नव्हता. त्याला सकाळी सवड कुठली?

हे आठवलं आणि तिला एकदम धीर आला. प्रणितनं मुकादमाला पाहिलेलंच नाही. एकदा पाहू दे, मग कुणाची छाती होते त्याच्या घरट्यावर मशीन घालायची!

ती लगबगीनं गोणपाट घेऊन आली आणि जाळीपुढे झटकू लागली. जाळीत काहीच हललं नाही. मशीनच्या आवाजानं तो बुजला असणार.

“ये रं बाबा,” ती पुटपुटली.

आणि मुकादम आला. तांबूस पंख, लालबुंद डोळे. एवढ्या माणसांना न भिता जाळीतून निघून थेट तिच्या पायाशी.

ऑपरेटरनं खाली उतरून टोपी काढली. प्रणितनं पायातले बूट काढले, हात जोडले, डोळे मिटले. देव पावला, असं चंद्रावतीला वाटलं आणि तिला रडूच फुटलं.

प्रणितनं डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. तो वाकून तिच्या पाया पडला.

“काकी, नव्या कामाला याच्यापेक्षा चांगला शकुन कुठं मिळनार हाय?” तो म्हणाला आणि ऑपरेटरकडे वळला. “नारळ आन रे. कर चालू.”